आधी टाचा बघा

सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून आमच्या गोतावळ्यात माझी नेमणूक ‘केअर सेंटर तज्ज्ञ’ या पदावर झालेली आहे. बिनपगारी. कुणाच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं, कुणाच्या आईला डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालं, की मला व्हॉट्सॲपवर फोटो येतात आणि खाली प्रश्न असतो, ‘कसं वाटतंय गं?’ फोटोत हिरवळ असते. रिसेप्शनवर गणपती असतो. पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेल्या, माणूस नसलेल्या खाटा असतात. कोजागिरीला टाळ्या वाजवणारे आजी-आजोबा असतात. ते पाहून मला एवढंच कळतं, की फोटो काढणाऱ्याचा हात चांगला आहे.

चालत्या-फिरत्या मंडळींच्या वृद्धाश्रमाबद्दल मी बोलत नाहीये. तिथे जेवणाची चव, भजन, पत्त्यांचा डाव, खोलीतला जोडीदार या गोष्टींना महत्त्व आहेच. माझं म्हणणं आहे ते अंथरुणाला खिळलेल्या, जेवणाची नळी, कॅथेटर (लघवीची नळी), डायपर लागणाऱ्या माणसांबद्दल. काय झालं, कुणी केलं, हे ती सांगू शकत नाहीत. म्हणून त्यांच्या अंगावरूनच वाचावं लागतं.

तर आधी टाचा बघा. मोजे घातलेले असले तर काढायला सांगा. मग माकडहाड, कमरेचे दोन्ही बाजूंचे उंचवटे, कोपर, कानाची मागची बाजू. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे, कातडी फाटलेली नसली तरी. ज्याला स्वतःला हलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, हे बहुतेकांना माहीत असतं. केंद्रात त्याचा तक्ताही लावलेला असतो. तो तक्ता जरा निरखून बघा. सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एकाच तिरकेपणाने लिहिलेल्या असतील तर त्या रात्रभर जागून नव्हे, चहा पिताना एका बैठकीत भरलेल्या आहेत.

एअर बेड आहे ना, मग कशाला काळजी, असंही सांगितलं जातं. एअर बेडने कूस बदलायचं काम संपत नाही. आणि पंप चालू आहे का, हेही बघा. पंपाची पिन काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावलेला मी पाहिलेला आहे. गादी सपाट, आजोबा खालच्या फळीवर टेकलेले.

दुसरी गोष्ट वजन. याची वही मागा. महिन्याभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ती गंभीर बाब मानतात. पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलो गेलं तर कपड्यांवरून कळत नाही, वहीतच कळतं. ‘बेडरिडन पेशंटचं वजन कसं करणार?’ असं उत्तर आलं तर खुर्चीचा काटा मिळतो, आणि तो नसेल तर दंडाचा घेर शिंप्याच्या टेपनेही मोजता येतो, हे नम्रपणे सांगा. चेहऱ्याकडेही बघा, म्हणजे केंद्रचालकाच्या.

वजन का उतरतं? जेवण वाईट असतं म्हणून क्वचितच. मेनूचा कागद छान असतो. मऊ भात, भाजीचं सूप, नाचणीची पेज. पण पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला एक वाटी पेज नीट भरवायला अर्धा तास लागतो. डोकं उंच ठेवून, छोटा घास, तो गिळला का बघून मग पुढचा. आता दुपारी बारा ते एक या वेळात एका मावशींकडे असे सहाजण असतील तर हिशेब तुम्हीच करा. या हिशेबातून दोनच गोष्टी निघतात. एकतर माणूस अर्धपोटी राहतो, नाहीतर ‘आजी खातच नाहीत हो’ म्हणून नाकातून नळी घातली जाते. नळी वैद्यकीय गरजेने घालतात हे मान्य. पण किती नळ्या गरजेच्या आणि किती मनुष्यबळ कमी म्हणून, हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो केंद्राच्या डॉक्टरांना विचारायला हवा, मावशींना नाही.

झोपेचं तसंच. दुपारी चार वाजता गेलात आणि अख्खा वॉर्ड गाढ झोपलेला दिसला तर ‘किती शांत आहे इथे’ असं म्हणू नका. औषधांची यादी मागा. क्वेटियापिनसारखी मनोविकारांवरची औषधं डिमेन्शियाच्या रुग्णांना चिडचिड होते म्हणून सर्रास दिली जातात. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्येच दिलेला आहे. कधी द्यावीच लागतात, नाकारत नाही. मग कोणी सुरू केलं, का केलं, कमी कधी करणार, याची उत्तरं असायला हवीत.

हात बांधण्याबद्दल तर मला फार राग येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं ९७ वं कलम मानसिक आरोग्य संस्थांपुरतं आहे, पण वाचण्यासारखं आहे. रुग्णाला किंवा दुसऱ्या कुणाला तातडीची इजा होणं टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच बांधता येतं, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं की खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

पण इथे आपणही धुतल्या तांदळासारखे नसतो. ‘आमचे बाबा पडता कामा नयेत’ अशी तंबी देऊन मुलगा पुण्याहून बंगळुरूला जातो. मग केंद्र काय करणार? बाबांना खाटेवरून उतरूच देणार नाही. जिथे कधीच कुणी पडत नाही असं अभिमानाने सांगतात, तिथे मला पहिली शंका येते, की माणसांना चालवतात तरी का? कुणी पडलंच तर नातेवाइकांना किती वेळात कळवलं, डॉक्टरांनी कधी तपासलं, पुन्हा पडू नये म्हणून काय बदललं, हे विचारणं जास्त शहाणपणाचं.

सीसीटीव्हीचंही माझं मत लोकांना आवडत नाही. मोबाइलवर आईची खोली दिसते म्हणून मुलं खूश असतात. तिचा डायपर बदलतानाही ती दिसते, याचा विचार कुणी करत नाही. आयुष्यभर पदर नीट सावरून बसलेली बाई. आणि कॅमेऱ्यात टाचा दिसत नाहीत.

आता माझा मुख्य मुद्दा. टाचा, वजन, नळी, गोळ्या, बांधलेले हात, ही सगळी एकाच गोष्टीची लक्षणं आहेत. रात्री किती हात आहेत आणि ते हात किती दिवस टिकतात. केंद्र बघायला गेलात की मालकांना विचारा, रात्री आठ ते सकाळी आठ या पाळीत या मजल्यावर किती मावशी, किती मामा, आणि सिस्टर शिकलेली आहे का? एएनएम, जीएनएम असा नर्सिंगचा कोर्स केलेली, की नुसती ‘अनुभवी’? मग मालक फोनवर गुंतले की मावशींनाच विचारा, ‘किती वर्षं आहात इथे?’ आणि ‘दिवाळीला गावी गेलात की तुमच्या जागी कोण येतं?’ या दुसऱ्या प्रश्नावर जे उत्तर येतं (किंवा मावशी नुसत्या हसतात) त्यात सगळं असतं. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आठवड्याला नवा चेहरा येत असेल तर आजींना कुठल्या कुशीवर दुखतं, पाणी चमच्याने लागतं की वाटीने, हे कुणाला माहीत असणार?

आमच्या सासूबाईंचंच सांगते. एका सकाळी त्यांच्या मावशी म्हणाल्या, ‘ताई, आजी आज घास तोंडातच धरून ठेवतायत, रोजच्यासारखं नाही.’ ताप नव्हता, खोकला नव्हता. डॉक्टरांनी येऊन छाती तपासली, एक्स-रे काढायला लावला, तर न्यूमोनियाची सुरुवात. नव्या माणसाला हे दिसलंच नसतं, कारण ‘रोजच्यासारखं’ म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं. त्या मावशी नांदेडकडच्या. साठ किलोचं माणूस दिवसातून कितीदा तरी उचलून त्यांची स्वतःची कंबर गेलेली आहे. त्यांना किती पगार मिळतो हे मी विचारलं होतं. इथे लिहीत नाही, कारण मग त्या कोण हे कळेल. पण आपण मालकाशी घासाघीस करून जे तीन-चार हजार ‘वाचवतो’ ते मालकाच्या खिशातून जात नाहीत.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिचं म्हणणं, ‘आमच्याकडे बरं, सरकारच तारे देतं.’ खरंय. २००८ पासून अमेरिकेत प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे मिळतात. तपासणी, मनुष्यबळ आणि रुग्णांच्या प्रकृतीचे निकष यांवरून. आधी मनुष्यबळाचे आकडे नर्सिंग होम स्वतःच भरून देत. २०१६ पासून पगारपत्रकाची माहिती द्यावी लागते. आणि २०२२ मध्ये त्यात शनिवार-रविवारचं मनुष्यबळ आणि कर्मचारी किती टिकतात हेही धरायला लागले. म्हणजे इतकी वर्षं तारे वाटून झाल्यावर गाडी शेवटी मावशींपाशीच आली. त्यांचा आणखी एक नियम मला आवडतो. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी यांत चौदा तासांपेक्षा जास्त अंतर नको. झोपताना काही पौष्टिक दिलं तर सोळा. आपल्याकडे संध्याकाळी सहाला ताटं उचलून मोकळे होणारे कितीजण हा हिशेब करतात? अर्थात ताऱ्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. करोनाचा अमेरिकेतला पहिला मोठा उद्रेक सिॲटलजवळच्या ज्या नर्सिंग होममध्ये झाला, ते पाच ताऱ्यांचं होतं.

आपल्याकडे काय आहे? १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमींबरोबरच दुर्बल, पांगळ्या अवस्थेतल्या माणसांना ठेवून त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी जागाही येते. मग नळीवरचे पंचवीस रुग्ण ठेवणारा बंगला ‘आम्ही फक्त केअर सेंटर’ म्हणून त्यातून सुटावा, हे मला तरी पटत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक दीडशे जणांच्या वृद्धाश्रमाची गोष्ट आहे, तीही गरीब ज्येष्ठांसाठी. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा यांचा विषय २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात आला होता. ते विधेयक मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. तेव्हा महापालिकेच्या आरोग्य विभागाने निदान एवढं करावं, नळी-कॅथेटरचा रुग्ण ठेवणाऱ्या प्रत्येक केंद्राला नोंदणी लावावी आणि रात्रपाळीची हजेरी दारावर लावायला सांगावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, ती जवळ असू द्या, पण हेल्पलाइन रात्री दोन वाजता कूस बदलत नाही.

‘भेटीची वेळ फक्त चार ते सहा’ असं सांगितलं जातं, इन्फेक्शनचं कारण देऊन. मग ठरवण्याआधी एकदा तरी दुपारच्या जेवणाच्या वेळी येऊ द्या म्हणावं, मास्क लावून, लांब उभं राहून. तेवढंही नाही म्हणाले तर दुसरं केंद्र बघावं.

आता कॉमेंटमध्ये आणि इनबॉक्समध्ये ‘तुमच्या सासूबाईंचं केंद्र कोणतं’ असं विचारणार आहात, माहितीये. सांगणार नाही. वर्षापूर्वी विचारलं असतंत तर आनंदाने सांगितलं असतं. यंदा तिथल्या दोन जुन्या मावशी सोडून गेल्या, आणि मी पुन्हा दर रविवारी वजनाची वही मागायला लागले आहे.