चार खोल्या कशासाठी?

मालवणच्या धक्क्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी विषय निघाला तो किनाऱ्यावरची माणसे राहत्या घरात पर्यटकांसाठी खोल्या का काढतात, या पेपरातल्या बातमीमुळेच. "पैसा दिसला की माणूस हॉटेल काढतो, यात चर्चा कसली?" असे म्हणत बँकेतून निवृत्त झालेल्या भाऊंनी सवयीने खिशातले पेन काढले आणि बातमीच्याच समासात ४ खोल्या, ३० दिवस आणि २,००० रुपये भाडे असा गुणाकार मांडून २,४०,००० या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

"भाऊ, ह्यात जून कुठे आहे?" आबांनी शांतपणे विचारले.

तारकर्लीला आबांच्या चार खोल्या आहेत. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, पाहुणा फिरकत नाही, आणि गाद्यांना बुरशी धरू नये म्हणून वहिनी त्या आळीपाळीने चुलीच्या उबेला ठेवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यामुळे हा गुणाकार मला तेव्हाच खटकला होता.

मास्तरांनी १९९७ सालची आठवण काढली. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि किनाऱ्यावरच्या घरांना न्याहारी-निवासाच्या पाट्या लागू लागल्या. त्यांच्या मते एकाचे पाहून दुसऱ्याने काढले, एवढेच.

"रापणीच्या मासेमारीवर घर चालत होते तोवर मला कुणाचे पाहून खोली बांधावीशी वाटली नाही," आबा म्हणाले. "मासळी कमी झाली, थोरला मुंबईत तिघांबरोबर एका खोलीत राहू लागला, आणि इथे आजोबांची चिरेबंदी माडी फक्त गणपतीला उघडायची. बंद घराला वाळवी लागते, मास्तर. मुलाला परत यायला कारण हवे होते, ते मी बांधले."

"भावना ताळेबंदात बसत नाहीत," भाऊ म्हणाले.

"तुमच्या ताळेबंदात सातबाऱ्यावरच्या नऊ सहहिस्सेदारांच्या सह्यांनाच जागा होती."

हे जुने दुखणे होते. आबांचा कर्जाचा अर्ज भाऊंच्याच टेबलावरून परत आला होता आणि पहिली खोली वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवून उभी राहिली. पण त्याच खोलीत उतरलेल्या पहिल्या कुटुंबाने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचे सांबार दुसऱ्या दिवशीही मागून घेतले, पैसे वहिनींच्या हातात दिले, आणि तेव्हापासून हिशेबाची वही त्या स्वतः लिहितात. तीस वर्षे जे रांधणे घरात गृहीत धरले गेले, त्याचे मोल परक्याने केले, हे कारण मला पैशाइतकेच खरे वाटते. बाहेरून येऊन किनाऱ्याची जमीन विकत घेणारा आणि स्वतःची माडी राखण्यासाठी पाहुणे ठेवणारा या दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

भाऊ पुन्हा गुंतवणुकीवरच्या परताव्याकडे वळणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "तुमचे जावई दर मे महिन्यात चार दिवस आबांकडेच उतरतात ना? ते भाडे कुठल्या रकान्यात धरलेत?"

कट्टा हसून हसून वाकला, आबासुद्धा. भाऊंनी मात्र अत्यंत गंभीरपणे पेनाचे टोपण काढले आणि ३० खोडून तिथे २६ लिहिले.