आडात नाही ते पोहऱ्यात

दहावीचा निकाल लागला आणि ६२५ पैकी लेकीला अपेक्षेहून शंभरेक गुण कमी पडले, तर पालकहो, दोष कोठे आहे याचा शोध तातडीने घ्यावा, आणि तो पत्नीच्या माहेरापासून सुरू करावा. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हे संशोधन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. गुण पडले तर आमच्या घराण्याचे डोके, आणि न पडले तर पोरगी मामावर गेली.

कोणी शंका काढलीच, तर आता विज्ञानही हेच म्हणते, असे ठणकावून सांगावे. २०१३ साली सव्वा लाखाहून अधिक माणसांची जनुके तपासून संशोधकांनी शिक्षणाशी संबंध असलेली डीएनएमधील तीन ठिकाणे शोधली. येथेच थांबावे, कारण त्यापुढचा तपशील असा की त्या ठिकाणच्या एकेका फरकाचा परिणाम सरासरी महिनाभराच्या शाळेएवढाच भरला. आणि ओढ्याला पाणी येऊन बस बंद पडली, की कणकुंबीकडच्या मुलाचा तेवढा महिना एका आषाढात बुडू शकतो. २०२२ पर्यंत ३० लाख माणसे आणि जवळपास चार हजार ठिकाणे झाली, तरी सगळ्या जनुकीय फरकांची बेरीज करूनही शिक्षणाच्या वर्षांतील फरकापैकी १२ ते १६ टक्केच उलगडला. शिवाय ही माणसे युरोपीय वंशाची होती आणि त्यांच्यावर बेतलेले गणित इतरांना नीट लागू पडत नाही. सोयरिकीच्या बैठकीत मात्र एवढ्या खोलात शिरू नये.

एक अभ्यास तर घरात कोणाच्या कानावर पडता कामा नये. २०१८ साली आइसलँडमध्ये असे दिसले की आईबापांची जी जनुके मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध असतो, आणि तो आलेल्या जनुकांच्या परिणामाच्या सुमारे ३० टक्के भरतो. म्हणजे आडातले जे पाणी पोहऱ्यात आलेच नाही, त्यानेही पोहरा भिजतो. कारण ती जनुके आईबापांना घडवतात आणि आईबाप घराला. हे एकदा मान्य केले, की रात्री आठ वाजता टीव्हीचा आवाज किती होता आणि घरात शेवटचे पुस्तक कधी आले, असे प्रश्न पत्नीच विचारू लागेल, आणि मग मामा सुटला.

त्यापेक्षा बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या एखाद्या सल्लागाराकडे जावे. त्याला शास्त्रीय आधार नाही, ही किरकोळ बाब आहे. दहाही बोटे स्कॅनरवर टेकवली, की रंगीत वर्तुळांचा जाडजूड अहवाल हाती येतो, आणि त्यात पालकांच्या चुकीला एकही पान दिलेले नसते.

परतताना, वाटेत नाडकचेरीचे, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयाचे, काम उरकून घ्यावे. उताऱ्याचा अर्ज कन्नडमध्ये असेल, तर तो लेकीच्या हाती द्यावा. ती खिडकीतल्या कारकुनाशी कन्नडमध्ये बोलेल, तुम्हाला मराठीत समजावेल आणि मागे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांचे अर्जही भरून देईल. तोवर तुम्ही बाकावर बसून अहवाल वाचावा. ‘भाषिक क्षमता : मध्यम’ असे तेथे स्पष्ट छापलेले आहे.