तेवढं सोडून बाकी सगळं करा

संभोगाच्या वेळी लिंगाला ताठरता येत नाही, किंवा येते आणि ऐन वेळी निघून जाते, असं तीन-चार महिने सलग चाललं असेल, तर सर्वांत आधी गप्प बसा. बायकोला तर अजिबात सांगू नका. ती शेजारीच झोपते, तिला कुठून कळणार! तुम्ही पाठ फिरवून झोपायला लागलात, रात्री मुद्दाम उशिरापर्यंत काम काढून बसलात, की ती आपल्या परीने अर्थ लावेल: एक तर आपण नकोशा झालो, नाहीतर याचं बाहेर काहीतरी आहे. लावू द्या. गुपित फुटण्यापेक्षा संसारात संशय बरा.

ही अडचण जगात आपल्या एकट्याचीच आहे, यावर श्रद्धा ठेवा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली. १९९४ साली तिचे आकडे छापून आले, त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात हाच त्रास होता. पण ते बाकीचे.

मग कारण ठरवून टाका. ‘वय झालं’ किंवा ‘टेन्शन आहे’, यातलं एक उचला आणि त्याला चिकटून राहा. पहाटेच्या पुराव्याकडे मात्र डोळेझाक हवी. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. झोपलेल्या माणसाला निकालाची धास्ती नसते. सकाळी जाग येताना ती असते, एकटं असताना टिकते, फक्त जोडीदारासोबत दगा देते आणि हे सगळं अचानक सुरू झालं, तर घोळ बहुधा मनात आहे. उलट महिन्यागणिक कमी होत गेली, सकाळचीही गेली, तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू किंवा हार्मोनकडे बोट जातं. पुष्कळदा दोन्ही असतं: सुरुवात शरीर करतं, मग मन त्यावर मजले चढवतं. एवढं निरीक्षण घरबसल्या फुकट होतं आणि डॉक्टरही आधी हेच विचारतात. म्हणूनच ते करायचं नाही.

बिघाड पक्का करायचा तर यंत्रणा माहीत हवी. उत्तेजना झाली की मज्जातंतूंची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्याने लिंगातले बारीक स्नायू सैल पडतात (हो, सैल, आवळून काही होत नाही). रक्त आत भरतं आणि फुगलेल्या भागामुळे बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते तिथेच अडतं. तेव्हा घाव घालायचा तो या अस्तरावर. सिगारेट हे काम चोख करते. वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल मदतीला आहेतच. मधुमेह तर अस्तर आणि मज्जातंतू दोन्ही एकदम खातो, शिवाय साखर न तपासण्याची सोय असते. दारूचं वेगळं सांगायला नको. धीर यावा म्हणून घेतलेले जास्तीचे दोन पेग धीर देतात आणि बाकीचं नेतात.

आता खरी मेख. लिंगाच्या धमनीचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या धमनीचा ३ ते ४. आत चरबीचा थर सगळीकडेच साचत असतो, पण अरुंद नळीत त्याचा अडथळा आधी जाणवतो. त्यामुळे ही तक्रार छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी येऊ शकते. शरीराने इतक्या आगाऊ पाठवलेली नोटीस अर्थातच उघडायची नसते. ती वर्षं जाहिराती वाचण्यात घालवा.

चालू औषधांवर संशय आला तरी डॉक्टरांना विचारू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, आणि नैराश्यावरची बरीच औषधं हा त्रास देऊ शकतात. डॉक्टर गोळी बदलून देतील, मात्रा कमी-जास्त करतील, म्हणजे प्रश्नच मिटला. त्यापेक्षा गोळी परस्पर बंद करा. दाब चढेल, त्याच रक्तवाहिन्या आणखी कडक होतील, आणि दोष गोळीचाच होता हे सिद्ध केल्याचं समाधान राहील.

मन बिघडवणं त्याहून सोपं. एकदा फसलं ना? दमला होतात, प्यायला होतात, भांडण झालं होतं, हे सगळं विसरा आणि फसलं तेवढं लक्षात ठेवा. पुढच्या वेळी शृंगारात भाग घेऊ नका. पंचासारखे बाजूला उभे राहून निरीक्षण करा. आली का? किती आली? गेली का? या चौकशीने अॅड्रेनालिन वाढतं, ते रक्तवाहिन्या आवळतं, आणि सैल पडायचे ते स्नायू घट्ट राहतात. भीती खरी ठरली, तिसऱ्या वेळी ती आणखी मोठी. यावर लैंगिक समुपदेशक एक पथ्य सांगतात: काही आठवडे संभोग पूर्ण बंद, दोघांनी फक्त स्पर्श करायचा, ताठरता आली तरी तिचा उपयोग करायचा नाही. परीक्षाच रद्द झाल्यावर नापास कोण होणार? पण त्यासाठी बायकोशी बोलावं लागतं, म्हणजे आपला पहिलाच नियम मोडतो.

जिममधल्या ओळखीने टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, इंजेक्शनं मिळाली तर आधी टोचून घ्या. खरं तर सकाळच्या रक्तात, दोन वेगवेगळ्या दिवशी, प्रमाण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली भरलं आणि लक्षणंही असली, तरच त्याचा विचार होतो. बाहेरून विनाकारण घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. बाप व्हायचं राहिलं असेल तर विशेष लाभदायक.

सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाची, गोळी मित्राकडून घ्या, मात्रा त्याचीच. तुपकट, जड जेवणावर घ्या, म्हणजे असर तासभर लांबतो. मग आढ्याकडे बघत वाट पाहा. उत्तेजना नसेल तर ती गोळी काहीच करत नाही, हे कळू देऊ नका. एका प्रयत्नात गोळी निकामी ठरवा. सहा-आठ वेळा नीट घेतल्याशिवाय तसं म्हणता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात, ते म्हणणारच.

इथे एक ओळ सरळ लिहावी लागते. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील, तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा त्यांचा कुठलाही भाऊबंद घेऊ नका. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आणि ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर लाज गुंडाळून थेट रुग्णालय गाठा.

‘शंभर टक्के वनौषधी, दुष्परिणाम शून्य’ वाल्या पुड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अशा कित्येक मालांत न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल वारंवार सापडलं आहे. तासाभरात गुण देणारी मुळी संशयास्पद वाटत नसेल, तर वरची नायट्रेटची ओळ पुन्हा वाचा.

आठवड्यातून चार दिवस, ४० मिनिटं, दम लागेल असा व्यायाम काही महिने केला की अनेकांना फरक पडतो. पण त्याची पुडी मिळत नाही.

राहता राहिले डॉक्टर. ते करून करून काय करणार? दहा मिनिटं प्रश्न विचारतील, रक्तदाब आणि कंबर मोजतील, साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासायला लावतील. एवढ्यासाठी कशाला जायचं! गेलातच, तर खोकल्याचं निमित्त काढून जा. खोकल्याचं औषध लिहून झाल्यावर ते विचारतील, “आणखी काही?” तुम्ही तत्परतेने “छे, काही नाही,” म्हणा आणि चपला घाला.