स्वस्त गिटारनं हात बिघडतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

स्क्वायर या फेंडर कंपनीच्या स्वस्त ब्रँडच्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन तिला न्याय मिळाला नसता, म्हणून सवडीनं लिहितोय.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पंचवीस-तीस हजारांची गिटार घ्यायला सांगून मी पोरांची दिशाभूल करतोय. नक्कल ती नक्कलच. लाकूड हलकं, पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग) हलके, सूर टिकत नाही. त्यापेक्षा दोन-तीन वर्षं पैसे साठवावेत आणि घ्यायची तर अस्सल घ्यावी. शेवटी तुम्ही स्वतःचं लिहिलंत: २०११ साली अशीच एक स्वस्तातली घेतली, एफ कॉर्ड (अनेक तारा एकदम दाबून वाजवायचा स्वरसमूह) काही केल्या लागेना, बोटं सोलवटली, सहा महिन्यांत गिटार माळ्यावर गेली. आता चौदा वर्षांचा पुतण्या मागे लागलाय आणि त्याचं तसं होऊ नये असं तुम्हाला वाटतं.

ते मलाही वाटतं. म्हणूनच तर तो लेख लिहिला होता.

‘नक्कल’ या शब्दापासून सुरुवात करतो. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्यानं जी गिटार बाजारात आणली, जिला पुढच्या वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळालं, तिचं अंग म्हणजे एक सपाट फळी आणि नेक (तारा जिच्यावर दाबतात ती लांब दांडी) चार स्क्रूंनी आवळलेला. नेक झिजला की काढा आणि दुसरा बसवा. १९५४ची स्ट्रॅटोकास्टर अंगाला गोलाई देऊन आली, पण बांधणी तीच. वाकवलेलं लाकूड नाही, कोरीवकाम नाही. हे वाद्य पहिल्या दिवसापासून कारखान्यात, सुट्या भागांतून जुळवण्यासाठी आखलेलं आहे. तोच आराखडा इंडोनेशियात कापला तर तारेची लांबी साडेपंचवीस इंचच राहते, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) त्याच जागी पडतात. आणि स्क्वायर हे नाव फेंडरच्याच मालकीचं आहे, आकारासकट सगळं हक्काचं.

या स्वस्त अवताराला इतिहासही आहे. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकी गिटारींच्या इतक्या नेटक्या प्रती काढू लागले की मूळ कंपन्या हादरल्या. गिब्सन या अमेरिकी गिटार ब्रँडच्या मालक कंपनीनं १९७७ मध्ये आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकी वितरकावर हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) आकारावरून दावा ठोकला. फेंडरनं वेगळा रस्ता धरला. १९८२ मध्ये जपानमध्येच भागीदारीत कंपनी काढली, फुजिगेनच्या कारखान्यातून गिटारी बनवून घेतल्या आणि त्यांतल्या काहींवर स्क्वायर हे नाव घातलं. त्या काळी त्या स्वस्तातल्या म्हणून विकल्या गेल्या. आज ‘जेव्ही’नं सुरू होणारा क्रमांक दिसला की संग्राहक हात आखडता घेत नाहीत. गिब्सननं तर १९५४ मध्ये स्वतःच लेस पॉल ज्युनियर काढली होती: वरची कोरीव मेपल गेली, महोगनीची सपाट फळी राहिली, पिकअप एकच, गिऱ्हाईक म्हणजे शिकणारी मुलं. पुढे ‘माउंटन’ या रॉक बँडच्या लेस्ली वेस्टनं त्याच विद्यार्थ्यांच्या गिटारीवर रंगमंच हलवून सोडला.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पैसे नेमके कुठे वाचवतात. माझं ठाम मत असं आहे की सर्वांत मोठी काटकसर शेवटच्या हातकामात होते. लाकूड यंत्र कापतं, ते काम आज कुठेही सरळच होतं. पण नटच्या (खुंट्यांजवळ तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा खोल करणं, फ्रेटची टोकं घासणं, नेकचा बाक आणि तारांची उंची एकमेकांना जुळवणं याला माणूस लागतो आणि वेळ लागतो. स्वस्त गिटारीला तो वेळ मिळत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये एक कॉलेजातली मुलगी माझ्याकडे अशीच स्ट्रॅटच्या घाटाची गिटार घेऊन आली. ब्रँड सांगत नाही, कारण त्या किमतीत थोड्याफार फरकानं सगळ्यांचं हेच असतं. नेकच्या कडेवरून तळहात फिरवला तर करवतीच्या पात्यावरून फिरवल्यासारखं लागलं. दमट हवेत बनलेलं वाद्य पुण्याच्या उन्हाळ्यात येतं, लाकूड सुकून आक्रसतं, फ्रेटची धातूची पट्टी मात्र तेवढीच राहते आणि तिची टोकं बाहेर येतात. तिच्या तर्जनीच्या बाजूला बारीक लाल रेघा उठल्या होत्या. तिसरी तार सुरात लावायला खुंटी पिळली तर काहीच होईना, मग एकदम ‘टंक्’ असा आवाज होऊन तार सुराच्या वर गेली. ‘सूर टिकत नाही’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. खुंटी बिचारी ठीक असते, तार नटच्या अरुंद खाचेत अडकलेली असते. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजली तर तीन मिलिमीटर. दुकानात तिनं विचारलं तेव्हा ‘या किमतीत असंच येतं’ असं उत्तर मिळालं होतं. याचा मला आजही राग येतो.

फ्रेटबोर्डवर (नेकच्या ज्या पट्टीत फ्रेट बसवतात तिच्यावर) कागदी टेप चिकटवली आणि बारीक कानसनं एकेक टोक तिरकं घासलं, दोन्ही बाजू मिळून बेचाळीस टोकं. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक जुळवणारी सळई) पाव फेरा आवळला. नटच्या सहाही खाचा एकेक करून उतरवल्या. दोन-तीन वेळा कानस फिरवायची, तार बसवायची, बघायचं, पुन्हा काढायची. इथे घाई केली तर खाच जास्त खोल जाते आणि नट बदलावा लागतो. मग नवीन नऊ नंबरच्या (बारीक) तारा, ब्रिजवरची (घोडीवरची) उंची, आणि प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेशी जुळवणं. अडीच तास लागले. उंची दीड मिलिमीटरच्या थोडी वर येऊन थांबली. तिनं एफ धरला. वाजला. तिनं हात काढला, पुन्हा धरला, पुन्हा वाजला. मग माझ्याकडे न बघता दहा मिनिटं ती तोच एक कॉर्ड वाजवत बसली.

मिरजेचे तंबोरे आपण सगळेच ऐकत आलोय. भोपळा उत्तम आहे, दांडी सरळ आहे, तारा नव्या आहेत, पण जवारी (तारेला घुमारा यावा म्हणून घोडीवर केलेली बारीक जुळवणी) लावलेली नसेल तर तंबोरा बोलतो का? आणि तो बोलत नाही म्हणून आपण भोपळ्याला नावं ठेवतो का? गिटारीचा सेटअप, म्हणजे वर सांगितलेली सगळी जुळवणी, ही तिची जवारी समजा. स्वस्त गिटार घेणाऱ्यानं त्यासाठीचे पैसे गिटारीच्या किमतीतच धरावेत, हे मी त्या लेखात आणखी ठळकपणे लिहायला हवं होतं. तेवढी तुमची तक्रार रास्त आहे.

लाकडाबद्दल. स्क्वायरच्या बऱ्याच गिटारींवर फ्रेटबोर्डसाठी ‘इंडियन लॉरेल’ लिहिलेलं असतं आणि लोक नाक मुरडतात. हा लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा ऐन! घराच्या खांबांना, वाशांना पिढ्यानपिढ्या वापरलेलं चिवट लाकूड. आधी तिथे शिसवाच्या जातीचं लाकूड असायचं, पण २०१७ पासून त्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि कारखान्यांनी पर्याय शोधले. वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, तोवर ऐन रुळला होता. तो रंगानं थोडा फिका असतो आणि कोरडा पडतो, वर्षातून एक-दोनदा तेलाचं बोट फिरवावं लागतं. शिवाय इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप तारेचं कंपन पकडतो. सतारीत लाकडाचा जो वाटा, तो इथे नाही.

पिकअपबाबत तुमचं बरंचसं खरं आहे. स्क्वायरच्या अ‍ॅफिनिटी मालिकेत सिरॅमिक चुंबकाचे पिकअप असतात, आवाज चढवला की वरच्या पट्टीत टोचतात. क्लासिक व्हाइब मालिकेत अल्निको चुंबकाचे असतात, तिथे ही तक्रार राहत नाही. पण पिकअप हा काही स्क्रू आणि दोन डाखांचा मामला आहे. मुलगा दोन वर्षं टिकला तर खुशाल बदला.

आणि काही गिटारी खरंच घेऊ नयेत. खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर, पट्टा, पिशवी सगळं कोंबून दहा हजारांच्या आत येणाऱ्या संचात पिळवटलेला नेक निघाला तर त्याला कुठलीही कानस वाचवत नाही. गिब्सनच्या लेस पॉलच्या घाटाचीही सबुरीनं घ्यावी. तिथे नेक बहुतेकदा अंगाला चिकटवलेला असतो, कोन चुकला तर स्क्रू सैल करून दुरुस्त होत नाही. एपिफोनच्या (हा गिब्सनचाच स्वस्त ब्रँड) चांगल्या निघतात, पण हातात धरून, दोन-तीन बघून घ्याव्यात. मागवून नव्हे.

‘दोन-तीन वर्षं साठवा’ या सल्ल्याशी मात्र मी अजिबात सहमत नाही. आज चौदाचा असलेला तुमचा पुतण्या तोवर बारावीच्या तोंडावर येईल. ज्या वयात बोटं पटकन वळतात आणि संध्याकाळी दोन तास रिकामे असतात ते वय निघून जाईल, आणि मग दीड-दोन लाखांची अमेरिकन स्ट्रॅट घरात येईल ती ‘जपून हाताळ रे’ या वाक्यासकट. मुलानं गिटार सोफ्यावर टाकावी, मित्राकडे न्यावी, चुकीच्या तारा लावून बघाव्यात. त्याला आत्ता घेऊन द्या. उरलेल्या पैशातून बरा अ‍ॅम्प घ्या, तो आवाजात गिटारीपेक्षा जास्त फरक पाडतो.

पण त्याआधी एक करा. तुमची ती २०११ची गिटार अजून माळ्यावर आहे असं लिहिलंत, ती खाली काढा. तारा गंजल्या असतील तर नव्या घाला आणि सुरात लावा. मग प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधोमध दाबून धरा आणि उजेडाकडे तोंड करून पहिल्या फ्रेटवर तार किती उंच राहते ते बघा. तिथे कागद जेमतेम सरकेल इतकीच फट हवी. पोस्टकार्ड आरामात जात असेल, तर तुमची बोटं सोलवटली ती त्या उंच नटमुळे. एफ पहिल्याच फ्रेटवर धरतात, उंच नटाचा सगळा ताण तिथेच येतो. चांगल्या हातानं दाबूनही तो नीट वाजत नाही, तर सहा महिन्यांच्या हातानं कुठून वाजणार?

फट किती आहे ते मला इथेच कळवा. जमलं तर फोटो टाका, बाजूनं, पहिल्या फ्रेटचा. नट बदलायचा की घासून भागेल ते बघून सांगतो. नेक सरळ असेल तर पुतण्याला नवी घ्यायचीही गरज पडणार नाही.