तपासू द्यायची नसेल तर गिटार विकायला काढता कशाला?

"तुम्ही गिटार बघायलाव का चोरी पकडायलाव?"

विकणाऱ्याचं हे ऐकायला, एक जुनी इलेक्ट्रिक गिटार बघायला एसटीनं लातूरहून अंबाजोगाई गाठायची! जाहिरातीत काय, तर ‘नव्यासारखी, दोनच महिने वापरलेली, 18,000 फिक्स’. समोर काय, तर तारा गंजलेल्या, तेवढ्याच ढिल्या सोडलेल्या आणि गिटार पलंगावर टाकलेली. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, मित्राकडं. केबलही मित्राकडं. वर लाइट गेलेली. आणि म्हणे, "वाजते की, तार छेडून बघा!" अहो, इलेक्ट्रिक आहे ती! ॲम्पशिवाय नुसती तार ऐकू येते. पिकअप (तारेचा कंप पकडणारी चुंबकं), पॉट (आवाज कमी-जास्त करायची फिरती बटणं), स्विच, जॅक (केबल खुपसायचं भोक), ज्याचे पैसे मागताय ते सगळं मुकंच राहतं.

तारा ढिल्या का? "नेक वाकू नये म्हणून." हे कुणी शिकवलं यांना? सहा तारा सुरात असल्या की नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावर, साधारण 40-45 किलोचा ओढा येतो आणि त्याला तोलायलाच आत ट्रस रॉड नावाची सळई बसवलेली असते. ओढा काढून टाकला की नेक सरळ आहे की वाकडा, कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणून आधी सुरात लावायची. मग पहिल्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), नेक बॉडीला मिळतो तिथं जाड ई तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघायची. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. इथं एक मिलिमीटरच्या वर! ट्रस रॉडचं झाकण उघडलं, तर नटाचं षटकोनी भोक पार गोल झालेलं. इंची मापाच्या नटात मिलिमीटर मापाची ॲलन की घुसवून कुणीतरी जोर काढलेला. ॲलन की आता नुसती फिरते. म्हणजे तो वाक काढायचा रस्ताच बंद. नट कोरून काढणारा कसबी माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर नेकच बदला. आणि हे विचारलं म्हणून मी चोरी पकडणारा!

फ्रेटच्या टोकांचं मी समजून घेतो. पत्र्याच्या खोलीत अख्खा एप्रिल-मे काढलेली गिटार आहे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्डाचं, म्हणजे बोटं टेकतात त्या पट्टीचं, लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, मग टोकं बाहेर येऊन हाताला करवतीसारखी लागतात. नेकच्या कडेवरून बोट फिरवलं की कळतं. कानशीनं घासून नीट होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली चर पडलेत आणि हा दोन महिने सांगतोय! दोन महिन्यांत असे खोल चर पडतात होय? फ्रेट बदलायचे तर गिटार घेऊन पुणं गाठा, खर्च वेगळा.

आणि ते ‘ओरिजिनल गिब्सन’वाले, म्हणजे महागड्या अमेरिकन कंपनीचं नाव सांगून विकणारे! ट्रस रॉडच्या झाकणाला तीन स्क्रू दिसले की तिथंच फोन ठेवायचा, अस्सल गिब्सनला सहसा दोन असतात. हेडस्टॉकच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या) मागं, तारा टेकतात त्या वरच्या पट्टीच्या जवळ स्टिकर लावलेला असेल तर नखानं उचलून बघू द्या म्हणायचं, कारण त्या धाटणीची गिटार पडली की चीर तिथंच जाते. उचलू देत नसेल तर स्टिकर कशासाठी आहे ते कळलंच. फोटो मात्र सगळे समोरून, रात्री, ट्यूबलाइटखाली. आणि बघायच्या आधीच टोकन पाठवा! "तीन जण विचारून गेलेत." मग द्या ना त्या तिघांना!

लाइट नाही हे कारण तर मला ऐकायचंच नाही. बॅटरीवर चालणारा हेडफोन ॲम्प खिशात मावतो. केबल, ट्यूनर, कॅपो, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर बरोबर असलं की काम भागतं. सगळे पॉट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. नुसती खरखर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बहुतेकदा जाते, आवाज मध्येच गायब होत असेल तर पॉट गेलाय. जॅकमध्ये केबल हलवून बघा. मग केबलच्या मोकळ्या टोकावर मल्टिमीटर, व्हॉल्यूम पूर्ण, एकेक पिकअप निवडून. सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) साधारण 5.5 ते 7 किलोओहम, साध्या हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या) 7 ते 9. तिथं 250 किंवा 500 किलोओहमच्या जवळ आकडा दिसला तर मीटर नुसता पॉट मोजतोय, कॉइल किंवा तिची वायर तुटलीय. शून्याला टेकला तर कुठंतरी शॉर्ट. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपला हे लागू नाही, तिथं आधी 9 व्होल्टची बॅटरी बदला.

बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल, म्हणजे बॉडीवर तार टेकते तो तुकडा, मागं सरकवायचं. सॅडल आधीच शेवटाला टेकलेलं असेल आणि नव्या तारांवरही सूर चढाच येत असेल, तर व्यवहार सोडा. गंजक्या तारांवर ही तपासणी करूच नका, आकडा खोटा येतो. आणि विकणाऱ्याला 18,000 मागताना काही शे रुपयांचा तारांचा सेट टाकायला काय होतं?

ह्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ चहा पण नको, खुर्ची पण नको, फक्त गिटार हातात द्या आणि डोक्यावर उभं राहून "झालं का, झालं का" करू नका. ट्रस रॉडचा नट गोल झालाय, फ्रेट चरलेत, पिकअप कुणी ऐकलेले नाहीत. ह्याला 18,000? 8,000 सुद्धा देणार नाही.