पाहुणा चिकटला पाहिजे

सोलापूरकराच्या घरून पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि अगदी जवळचा असेल तर चादर. मग रोगजंतूंच्याच बाबतीत आपला हात आखडता का? बिचारे पाण्यातून, भेळेतून एवढ्या लांब पोटात येतात आणि आपण त्यांना टिकू देत नाही. हे बदललं पाहिजे. चांगला यजमान व्हायचं असेल तर पुढचं नीट वाचा.

आधी पाहुण्याची अडचण समजून घ्या. शरीरात सगळं वाहतं आहे: लाळ, लघवी, आतड्यातला ऐवज. जो धरून राहिला नाही तो गेला. म्हणून जंतू अंगावर धरून ठेवणारी प्रथिनं बाळगतात. त्यांना अॅडहेसिन म्हणतात. पेशीच्या आत घुसवणारी ती इन्व्हेजिन.

लघवीच्या जळजळीमागे बहुतेक वेळा ई. कोलाय असतो. आपल्याच आतड्यातला, म्हणजे गाववालाच. त्याच्या अंगावर केसासारखे तंतू असतात आणि तंतूच्या टोकाला फिम-एच नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरावरची मॅनोज ही साखर ते पकडतं. गंमत अशी की धारेचा ताण पडला की ही पकड सुटत नाही, उलट आवळते. ताण गेला की सैल होते, मग स्वारी पुढे सरकायला मोकळी. ताण आल्यावर घट्ट धरणारा असा कार्यकर्ता एकाही पक्षाकडे नसेल.

पण ज्यांची अजून पकड बसलेली नाही ते धारेबरोबर बाहेर जातात. तेव्हा धारच लागू देऊ नका. पाणी कमी प्या. लागली तरी दाबून ठेवा. यात आपल्या गावाची तयारी चांगली आहे. नळाला पाणी काही दिवसांआड, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. प्यायलेलं सगळं घामातच जातं. आणि बायकांनी तर हे व्रतच घेतलंय. नवी पेठेत कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी पोरगी सकाळी घरून जाऊन येते, ती थेट रात्री घरीच. सोय का नाही विचारलं तर मालक म्हणतात, "जागा कुठंय ओ?" खरंच नाही. वरचे दोन मजले साड्यांचे आहेत. पोरगीही शहाणी, दुपारभर घोटभर पाण्यावर काढते. असं यजमानपण शिकवून येत नाही.

पोटात येणारे पाहुणे मात्र निराळे. लहान मुलांना जुलाब लावणारी ई. कोलायची एक जात तर आपली खुर्ची घेऊनच येते. आधी सुईसारख्या यंत्रणेतून टिर नावाचं स्वतःचं प्रथिन ती आपल्या पेशीत टोचते. ते पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि मग जंतू आपल्या इंटिमिन या प्रथिनाने त्यालाच धरतो. म्हणजे धरणारा त्याचा, धरायची जागाही त्याचीच. १९९७ साली हे उघड झालं तेव्हा जाणकारही चाट पडले. आपली पेशी इतकी भोळी, की खालून तंतू रचून त्याला चौरंगही करून देते. एवढ्या सोशिक पेशीला तुमची थोडी मदत हवी. पिंपात तांब्या बुडवताना हात कोपरापर्यंत जाऊ द्या. साबण पाहुण्यांपुरता ठेवा, म्हणजे दोन पायांच्या.

अन्नातून येणाऱ्या लिस्टेरिया या जंतूला मान द्यायला विसरू नका. पेशी एकमेकींना ज्या ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने धरून असतात, त्यालाच लिस्टेरियाचं इंटर्नलिन हे प्रथिन हात घालतं. उंदराच्या ई-कॅडहेरिनमध्ये मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाची एक वीट, वेगळं; तेवढ्यावर त्याची डाळ शिजत नाही. माणसाने तेवढाही आडमुठेपणा केलेला नाही. प्लेगच्या जंतूच्या कुळातल्या येर्सिनियाचं तर बोलूच नका. १९८५ साली इसबर्ग आणि फाल्को या शास्त्रज्ञांनी त्याचं इन्व्हेजिनचं जनुक प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातलं, तर तोही पेशीत शिरू लागला. एका जनुकाचा वशिला पुरला.

आता औषधाचं. जळजळ वाढली तर डॉक्टर कशाला? लघवीत कुठला जंतू आहे ते सांगणाऱ्या कल्चरच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस कोण थांबतंय? मेडिकलवाल्याला सांगा, "मागच्या वेळच्याच द्या की ओ, दोनच." दोन गोळ्यांत जळजळ थांबते. फिम-एचने धरलेले काही जंतू एव्हाना मूत्राशयाच्या पेशींच्या आत शिरलेले असतात आणि तिथे औषधाचा हात सहज पोचत नाही. उंदरांत हे नीट पाहिलं गेलंय, आणि त्रास झालेल्या बायकांच्या लघवीतही अशा जंतूंनी ठासलेल्या पेशी सापडल्या आहेत. त्यांना काही दिवस निवांत राहू द्या, ते स्वतःहून बाहेर येतील. तेव्हा पुन्हा दोन गोळ्या.

कधी चुकून डॉक्टरने पूर्ण कोर्स लिहून दिलाच, तर बरं वाटलं की थांबा. उरलेल्या गोळ्या टाकू नका. शेजारच्या काकूंना कालपासून जळजळ होतेय.