लग्न वाईला, मी डब्लिनला

बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. ऑफिस, पाऊस आणि आता लग्न. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं लग्न आहे, वाईला, घरापासून दहा मिनिटांवरच्या कार्यालयात. मी डब्लिनला, तो बंगळूरला, त्याचे आईबाबा नागपूरला आणि माझे आईपप्पा वाईला, त्यामुळं सगळं लग्न सध्या एका व्हॉट्सॅप ग्रुपवर चाललंय. गेल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागं गेली, साडेचार तासांचा फरक साडेपाच झाला, म्हणजे मी ऑफिसवरून येऊन साडेसहाला कुकर लावते तेव्हा तिकडं रात्रीचे बारा वाजलेले असतात आणि आई जागीच असते, झोप म्हटलं तरी झोपत नाही, "आधी ब्लाउजचं काय ते सांग" म्हणते.

बाकी बरं चाललंय. रेसिडेन्सचं कार्ड रिन्यू होऊन आलं, ते वेळेत आलं नसतं तर लग्न करून परत इकडं यायचेच वांधे होते, त्या काळजीनं दोन महिने नीट झोप नव्हती. घरातला हीटर दुरुस्त झाला. दिवाळीला चकल्या केल्या, पहिला घाणा तेलात विरघळला, दुसरा मस्त जमला, रूममेटनं ऑफिसला डब्यात नेल्या.

तर मुद्दा. मागच्या हिवाळ्यात लग्न ठरलं तेव्हा इथं संध्याकाळी सव्वाचारला अंधार पडायचा आणि मी ब्लँकेटमध्ये बसून पिंटरेस्टवर फोटो सेव्ह करायचे. स्टेज, मुंडावळ्या, नऊवारीचे रंग, हातावरच्या मेंदीच्या डिझाइन्स. दोनशेच्या वर फोटो झाले. मला त्याचं वाईट वाटत नाही, घरापासून इतकं लांब राहून लग्नाची तयारी म्हणजे दुसरं काय करणार होते मी, बाजारात तर जाता येत नव्हतं. मैत्रिणी साड्या हातात घेऊन बघतात, मी स्क्रीनवर बघायचे.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मी इथं सोफ्यावर बसून एक फोटो ग्रुपवर टाकते, मला दोन सेकंद लागतात, आणि तिकडं पप्पा गाडी काढून साताऱ्याला जातात. वाईहून सातारा जवळपास पस्तीस किलोमीटर, जायचं, चार दुकानं हिंडायचं, प्रत्येक दुकानदाराला फोनमधला माझा फोटो दाखवायचा, "असंच पाहिजे, मुलगी परदेशात असते" म्हणायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं. असं तीनदा झालं. मला कोणी सांगितलं नव्हतं, चुलत बहीण बोलता बोलता बोलून गेली. त्या रात्री मी खूप रडले. पप्पांचे गुडघे दुखतात.

आणि ज्या फोटोसाठी हे झालं तो होता पम्पास ग्रासचा. हल्ली प्रत्येक स्टेजवर दिसतं ते, पांढुरकं, पिसांसारखं उंच गवत, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. एका डेकोरेटरनं नुसत्या त्या गवताचे जे पैसे सांगितले त्यात आमच्या एका पंगतीचं जेवण निघालं असतं. मी तरी हट्ट धरला होता. शेवटी व्हिडिओ कॉलवर तात्या आले, फोन हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "अगं हे विकत आणायचंय व्हय? फडात उभं आहे की सगळं."

उसाचे तुरे! मी लहानपणापासून बघितलेत. दिवाळीनंतर आमच्या भागात उसाला तुरा येतो, सकाळच्या उन्हात सगळा फड चांदीसारखा चमकतो, शाळेच्या एसटीतून आम्ही ते बघत जायचो. आणि मी दोनशे फोटो सेव्ह केले पण एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की हे आपल्याकडं आहे.

पण तात्या ते बोलले तेव्हा हसत नव्हते हेही मी बघितलं. तुरा आला की उसाची वाढ थांबते, लवकर तोडला नाही तर कांडी आतून पोकळ पडत जाते, वजन घटतं. ज्याचा ऊस त्याला तुरा बघून आनंद होत नाही, त्याचं सगळं लक्ष तोड कधी मिळते याकडं असतं. मी म्हटलं, तात्या मग नको, तुमच्या नुकसानीची सजावट मला नको. तर म्हणाले, "आलाय तो आलाय. तुझ्या मांडवाला लागला तर मला तेवढंच बरं वाटंल." यावर मला काही बोलताच आलं नाही.

म्हणून आता मी फोटो टाकायच्या आधी आईला विचारते, आपल्याकडं या दिवसांत काय असतं. शेवंती असते, झेंडू असतो, निशिगंध असतो. केळीचे खुंट असतात, आंब्याचे डहाळे असतात. आमची परसदारातली तुळस असते जिचं लग्न आई या आठवड्यात लावणार आहे.

रुखवताचंही तसंच. डेकोरेटरच्या पॅकेजमध्ये तयार रुखवत भाड्यानं मिळतं, सप्तपदीची पावलं, सुपारीचे भटजी, सगळं मांडून देतात आणि संध्याकाळी परत घेऊन जातात. मला हे मनापासून पटत नाही. रुखवत म्हणजे कोणीतरी तुमच्यासाठी दुपारच्या दुपारी बसून केलेलं असतं. माझ्या आत्यानं क्रोशाचं तोरण विणायला घेतलंय, तिची नजर आता पहिल्यासारखी नाही, टाके वाकडे येतात, ती चारदा उसवते. ते तोरण मधोमध लागणार. फोटोत कसं का दिसेना.

आणि त्या दोनशे फोटोंत पंगतीचा एकही फोटो नाही, सप्तपदीचाही नाही. गुरुजींशी कॉल झाला तेव्हा त्यांनी सांगितलं की 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीचा विधी असेल तिथं सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो असं लिहिलेलं आहे. मला माहीतच नव्हतं. मी स्टेजवर कुठं उभं राहायचं याचाच विचार करत होते. नोंदणी मात्र लगेच त्याच आठवड्यात करणार, कायद्यानं 90 दिवस मिळतात पण याच्या व्हिसाला सर्टिफिकेट लागणार, तेव्हा तीन साक्षीदार आत्ताच ठरवून ठेवलेत. बाहेर राहणाऱ्यांनो, हे आधी करा, मेंदीचं डिझाइन नंतर बघा.

नागपूरच्या काकूंनी सामानाच्या यादीत "सांबार 3 किलो" लिहिलं होतं. आई दोन दिवस विचार करत होती की लग्नाच्या जेवणात इडली कुठून आली. त्यांच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, सांबारवडी करायची आहे त्यांना. त्यावरून दोघी पहिल्यांदा ग्रुप सोडून एकमेकींशी फोनवर बोलल्या, पाऊण तास. आता रोज बोलतात, मला कोणी विचारतही नाही आणि मला ते फार आवडतंय.

हे लिहिता लिहिता पप्पांचा मेसेज आला. तोडवाले पंचवीस तारखेच्या आसपास येणार म्हणतात, म्हणजे तुरे लग्नाच्या दहाएक दिवस आधीच कापावे लागणार. माळ्यावर उलटे टांगून ठेवतो म्हणालेत. कापसासारखे गळतात ते, पम्पासवाल्या व्हिडिओत हेअरस्प्रे मारताना बघितलं होतं, तोच मारून बघू. कोणी करून बघितलं असेल तर सांगा, पप्पांना आजच कळवते.